राखणीची सावड

आमच्या चिमी कुत्रीला रात्री दोन वाजता खाली न्यावं लागतं, हे मी काकांना सांगितलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. पुढे त्यांच्यासाठी लिहून ठेवलेला कागद पुन्हा हातात आला, तेव्हा त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं वाचलं : "रात्री कधीकधी शूला जाते." ती रोज जायची. अडुसष्ट वर्षांचे काका एकवीस रात्री कानटोपी घालून, लिफ्टनं चौथ्या मजल्यावरून खाली उतरून, पुण्याच्या फेब्रुवारीतल्या थंडीत तिच्यामागे उभे राहिले. आणि मला फोनवर रोज एकच उत्तर मिळायचं, "मजेत आहे हो तुमची चिमी."

काका-काकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कॉलेजमित्राचे आईवडील. दापोलीहून समुद्राकडे उतरताना जी गावं लागतात त्यांतल्या एका गावात त्यांचं घर आणि वाडी आहे. मुलगा परदेशात. घरात भुऱ्या नावाचा कुत्रा आणि दोन मांजरी. वाडीत माड, पोफळी, थोडी जायफळं, केळी. २०२१ च्या दिवाळीनंतर काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं निदान झालं. पुण्यात दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन शस्त्रक्रिया, मधे तपासण्या. म्हणजे तीन आठवडे घर सोडायचं. काका म्हणाले, "बारा वर्षांत आम्ही दोघं मिळून एका लग्नालासुद्धा गेलो नाही. एकानं जायचं, दुसऱ्यानं राखण करायची." तेव्हा नवऱ्यानं सुचवलं की ते आमच्या घरी राहतील, चिमीला बघतील आणि आम्ही त्यांचं घर राखू. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, नवरा घरून काम करतो, त्यामुळे दोघांनाही कुठूनही काम चालतं. पैशांचा प्रश्नच नको, घरास घर, जनावरास जनावर. चौघांनाही ही गोष्ट इतकी सोपी वाटली की पुढचं काही बोलणंच झालं नाही.

चिमी गावठी कुत्री आहे. चौथ्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. तेव्हापासून दर बारा तासांनी फेनोबार्बिटोनची गोळी. गोळीनं फिट आटोक्यात राहते, पण तहान वाढते, भूक वाढते, आणि तहान वाढली की लघवी वाढते. आम्हाला याची इतकी सवय झाली होती की रात्री दोनला उठणं हे काम आहे हे आमच्या ध्यानातच नव्हतं. आपल्या घरातलं काम आपल्याला दिसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला धक्का देऊन कडी लावायची, गीझर आधी बंद करायचा मग नळ, हे आपण जसं नकळत करतो तसंच ते.

काकांचंही तेच झालं होतं. "झाडांना फक्त पाणी सोडायचं," एवढंच ते म्हणाले होते. दुपारी तिथे व्होल्टेज पडतं, पंप पाणी उचलत नाही, म्हणून पहाटे पाचला पंप लावायचा. पाणी पाटानं एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जातं. कुठे पाट फुटतो, कुठे पातेरा अडकतो, तो फावड्यानं सारखा करत वाडीच्या टोकापर्यंत पाण्यासोबत चालायचं असतं. एका दिवसाआड तीन तास. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पंप सुरू करायचे, जवळच्या आळ्यांत पाणी भरलेलं दिसलं की चहा ठेवायला आत जायचे. खालच्या टोकाची रोपं कोरडी राहत होती. ती रोपं कुठून आली होती हे कळलं तेव्हा मला रडू आलं, पण ते नंतर सांगते.

पाचव्या दिवशी भुऱ्याची थाळी उचलायला गेले तर त्यानं हाताला दात लावला. रक्त आलं नाही, कातडी खरवडली होती. विहिरीवरच्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला, हे शाळेत शिकल्यासारखं पाठ होतं. मग काकांना फोन. "लस दिलीये, गेल्या पावसाळ्याच्या आधी. कार्ड कपाटात असेल." कपाट शोधलं, कार्ड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं : कुत्रा घरचा आहे, त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण तोवर तुम्ही थांबू नका, इंजेक्शन आजच सुरू करू. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. इंजेक्शनं मोफत मिळाली. रिक्षाला आणि बुडालेल्या कामाला किती गेले हे मी काकांना सांगितलं नाही. त्या दहा दिवसांत रोज सकाळी भुऱ्या पाणी पितो का, गिळतो का, हे पाहताना माझ्या पोटात गोळा यायचा. भुऱ्याचा यात दोष नव्हता. जेवताना त्याच्या थाळीला हात लावायचा नसतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय.

त्याच सुमाराला पुण्यात काकूंची दुसरी शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात वेळ लागला आणि चिमीची संध्याकाळची गोळी पाच तास उशिरा दिली गेली. पहाटे तिला फिट आली. काकांनी जन्मात कुत्र्याची फिट पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, गेली. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, जबडा उघडायचा प्रयत्न केला. फिट आलेल्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, भोवतालचं सामान बाजूला करायचं, दिवा मंद करायचा, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली किंवा पाठोपाठ दुसरी आली तर डॉक्टरांकडे धावायचं, हे सगळं मला माहीत होतं. ते माझ्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं. कागदावर गोळीची वेळ होती, ती चुकली तर काय होतं हे नव्हतं. नशिबानं काकांच्या हाताला काही झालं नाही, चिमीही दीड मिनिटात सावरली. हे मला काकूंनी सहा-सात महिन्यांनी सांगितलं.

घरी परतल्यावर सगळं गोड गोड होतं. त्यांनी आमचं घर आरशासारखं ठेवलं होतं, आम्ही त्यांचं झाडून-सारवून आलो होतो. पण आत काहीतरी अडलं होतं. माझी मैत्रीण म्हणाली, "तीन आठवडे फुकटात समुद्र!" तेव्हा मी चिडले. मी समुद्र चार वेळा पाहिला होता. तिकडे काकूंच्या शेजारणीनं त्यांना विचारलं होतं, "पुण्याच्या मंडळींनी फुकट घर वापरलं, तुम्हाला काय मिळालं?" म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं की समोरच्याचाच फायदा झाला. आणि खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. पुण्यात राहायची सोय, दवाखाना दहा मिनिटांवर, असं मी मनात मांडून ठेवलं होतं.

माझी भाची मेलबर्नला स्थायिक आहे. तिकडे, इंग्लंडात, न्यूझीलंडात या देवघेवीची मोठी चाल आहे. मालक सहलीला जातो, राखणारा त्याच्या घरात राहतो, जनावरं सांभाळतो, आणि एकमेकांना पैसे देत नाहीत. सभासदांची वर्गणी घेऊन दोघांची गाठ घालून देणारी संकेतस्थळं आहेत, त्यातलं एक मोठं तर ब्रायटनमध्ये २०१० साली सुरू झालं. भाची दोन्ही बाजूंनी त्यात राहिली आहे. तिनं मला एक बातमी सांगितली. २०२२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बाईला लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवलं. ती कॅनडात एका घरी मांजरं सांभाळायला निघाली होती, आणि आधी अमेरिकेतही तिनं राहण्याच्या बदल्यात अशीच मांजरं सांभाळली होती. पर्यटक म्हणून आलेल्या माणसानं राहण्याची सोय घेऊन काम केलं, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. नातवंडांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी हे लक्षात ठेवावं, व्हिजिटर व्हिसावर शेजाऱ्याचं कुत्रं-मांजर राखण्याच्या अटीवर घर घेणं धोक्याचं आहे. पण माझ्या मनात वेगळंच राहिलं. सरकारी अधिकाऱ्याला जे काम म्हणून स्वच्छ दिसलं, ते आम्हा चौघांना कसं दिसलं नाही?

सप्टेंबरमध्ये काकू डोळ्यांच्या तपासणीला आल्या आणि आमच्याकडेच उतरल्या. जेवणं झाल्यावर काका पोफळींबद्दल बोलायला लागले आणि बोलता बोलता थांबले. काकूंनीच सांगून टाकलं, "नऊ रोपं गेली. हे सांगणार नाहीत."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या त्यात झोपल्या. काकांच्या वडिलांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीला रोपापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या वयात काकांनी २०२१ च्या पावसात पुन्हा रोपं लावली होती. सावलीसाठी मधे केळी लावल्या होत्या. त्यातली खालच्या टोकाची नऊ माझ्या चहाच्या वेळात वाळली.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू कुत्रं चावून घेतलंस माझ्या घरात. वर तुलाच रोपांचं बोलू?"

काकू म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण. दोघंही एकमेकांवर मेहरबानी करत बसलात." मग त्यांनी फिटची हकीकत सांगितली, आणि दोनच्या फेऱ्यांची. त्या रात्री आम्ही चौघं साडेबारापर्यंत बसलो. आजवर या देवघेवीत जे काही चांगलं झालं ते त्या बसण्यातून झालं.

काकांनी सावडीचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी घरात एकच बैल होता, शेजाऱ्याकडे एक. दोघांनी मिळून जोत जोडायचं, आज याचं शेत, उद्या त्याचं. ज्याच्याकडे बैल नाही तो माणसं देई, लावणीला, कापणीला. "पण माणसाचा दिवस आणि जोताचा दिवस एक धरत नसत. आमच्याकडे जोताच्या एका दिवसाला माणसाचे दोन दिवस. हे आधी ठरलेलं असे. म्हणून भांडण नसे." देशावर इर्जिक असते, तीत बोलावणाऱ्यानं जेवण घालायचं. मराठवाड्यात वारंगुळा म्हणतात, तिथे पाळीपाळीनं कामाची फेड कामानं. नाव काही असो, ज्या लोकांनी हे पिढ्यानपिढ्या केलं त्यांना ठाऊक होतं की मदत आणि मदत सारखी नसते, आणि तिचं माप आधी सांगावं लागतं. आम्ही मोजत होतो रात्री. एकवीस रात्रींस एकवीस रात्री. ते मापच चुकीचं होतं.

मग मोजायचं काय? यावर बराच वेळ गेला. नवरा म्हणाला, कामाचे तास मोजू. काकूंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "चिमीचं काम तासाभराचं. पण तिला सोडून चार तासांपेक्षा जास्त बाहेर जाता येत नाही, त्याचं काय? बहिणीकडे हडपसरला जायचं होतं, गेले नाही." आम्ही शब्द ठरवला, अडकलेले तास. ज्या वेळात राखणारा आपल्या मर्जीनं कुठे जाऊ शकत नाही तो वेळ. त्यात काम असो की नुसतं बसणं असो. रात्री झोपमोड झाली तर तो तास दुप्पट धरायचा, जोतासारखा. मी हिशेब लिहिणारी, मी लगेच वही आखली. पहिल्या खेपेचा आठवून आठवून हिशेब केला तर दोन्ही बाजू आश्चर्यानं जवळजवळ आल्या. म्हणजे कोणीच कोणाला फसवलं नव्हतं. तरी सहा महिने दोन्ही घरांत किल्मिष राहिलं होतं.

खर्चाचं सोपं होतं, पाच मिनिटांत झालं. राहणाऱ्यानं आपलं खाणं, गॅस, नेहमीची वीज बघायची. जनावराचं आणि वाडीचं सगळं मालकाचं, पंपाची वीज धरून. डॉक्टरांचा पाच हजारांपर्यंतचा खर्च न विचारता करायचा, त्यासाठी पाकिटात पैसे ठेवून जायचे, नंतर देतो म्हणायचं नाही. राखणाऱ्याला इजा झाली तर तो खर्च आणि बुडालेला दिवस मालकाचा. माझ्या रिक्षाचे पैसे काकांनी तिथेच काढून दिले. मी घेतले. घेताना हात जड झाला होता, पण नाही घेतले तर पुढच्या वेळी त्यांना माझ्याकडून घेता येणार नाहीत, हे मला दिसत होतं.

सर्वांत उपयोगी पडलं ते वेगळंच. सूचनांचा कागद मालकानं लिहायचा नाही, राखणाऱ्यानं लिहायचा. दोन्ही घरची मंडळी एक दिवस नि एक रात्र एकत्र राहतात. मालक नेहमीसारखा वागतो, राखणारा मागे मागे फिरून टिपून घेतो, आणि निघण्याआधी मालक ते वाचून दुरुस्त करतो. जानेवारी २०२३ मध्ये मी काकांच्या मागे पहाटे पाचला बॅटरी घेऊन वाडीत फिरले तेव्हा दोन पानं भरली. त्यात काकांनी कधी सांगितल्या नसत्या अशा गोष्टी होत्या. सरपणाच्या खोलीत अनवाणी जायचं नाही, फुरसं निघतं. वानरांची टोळी आली की मांजरी आत घ्यायच्या. तिन्हीसांजेला भुऱ्याला पडवीत घेऊन दार लावायचं, कारण मागच्या वर्षी बिबट्यानं वरच्या आळीतलं कुत्रं उचललं होतं. काका हे सगळं न बोलता करत होते. मी पाहिलं नसतं तर भुऱ्या रात्री अंगणातच राहिला असता.

काकांनी आमच्याकडे लिहिलेल्या पानावर पहिली ओळ होती : "रात्री १.५० ते २.२०, रोज." ती वाचून मी ओशाळले. त्या ओळीमुळे आम्ही डॉक्टरांना विचारलं आणि चिमीला गच्चीत ट्रेवर जायची सवय लावली. दोन महिने लागले. आता दोनला उठावं लागतं, पण खाली उतरावं लागत नाही. वाडीसाठी काकांनी एक गडी ठेवला, राखणारे असतील तेवढे दिवस, मजुरी काकांची. पाणी आता तो सोडतो, मी टोकापर्यंत चालून फक्त बघते. भुऱ्याच्या लसीचं कार्ड दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलं असतं.

सोसायटीचं एक राहिलं. पहिल्या खेपेला सुरक्षारक्षकानं काकांना दोनदा अडवलं होतं, तुम्ही भाडेकरू का, कुत्रं लिफ्टनं का नेता. पाळीव जनावराला लिफ्टची बंदी करता येत नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २०१५ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. पण परक्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं हे वादात का सांगावं? ते माझं काम होतं. आता जाण्याआधी मी सचिवांना पत्र देते, पाहुणे कोण, किती दिवस, कुत्र्याची जबाबदारी कोणाची. एक प्रत गेटवर ठेवते.

एक ओळ लिहायला सगळ्यांत जड गेली. आपण नसताना जनावर अत्यवस्थ झालं तर निर्णय कोणाचा? आम्ही लिहिलं : फोन लागला तर मालकाचा, अर्ध्या तासात नाही लागला तर डॉक्टर सांगतील तो, आणि राखणाऱ्याला त्याबद्दल कोणी कधी विचारणार नाही. काकांनी त्या ओळीखाली सही केली आणि चष्मा पुसत बसले.

समुद्राचं मात्र आजही ठरलेलं नाही. नवऱ्याचं मत, समुद्राजवळ राहण्याचं सुख आमच्या खात्यावर उलट्या बाजूनं मांडायला हवं. काका म्हणतात समुद्र माझा नाही, त्याचं मी काय घेऊ. काकू म्हणतात, मग दवाखाना जवळ असण्याचंही मांडा. मला वाटतं, सुख मोजायला गेलो तर कोणाला किती मजा आली याची चौकशी सुरू होईल, आणि ते नको. वहीत तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

आतापर्यंत चार खेपा झाल्या. गेल्या पावसाळ्यात काकूंचे गुडघे बिघडले, चिमीला ओढून धरणं त्यांना जमणार नाही. त्यांनी फोन करून सरळ सांगितलं, "यंदा मला चिमी नको." पूर्वी त्यांनी हे कधी म्हटलं नसतं, हो म्हणून आल्या असत्या. म्हणून सावडीत तिसरं घर घेतलंय, आमच्याच सोसायटीतलं, सकाळी फिरताना ओळख झालेलं नवरा-बायकोचं जोडपं. त्यांच्याकडे एक आंधळी मांजर आहे. ठरल्याप्रमाणे ते आमच्याकडे एक दिवस राहिले, चिमीच्या मागे मागे फिरले, आणि संध्याकाळी कागद माझ्या हाती दिला. चौथी ओळ अशी होती : "कुकरची शिट्टी झाली की चिमी पलंगाखाली जाते आणि दहा मिनिटं बाहेर येत नाही. गोळीची वेळ तेव्हाच असते. कुकर आधी लावावा." चिमी माझ्याकडे दहा वर्षं आहे. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि कागद फ्रीजवर लावला.